उत्तर आजींचंच हवं

एमएसडब्ल्यू झाल्यावर मी सर्वेक्षणाची बरीच कामं केली. शौचालयं किती, चुली किती, बचत गटात कोण कोण, असली. अर्ध्या तासात घर उरकायचं आणि पुढच्या घराची कडी वाजवायची. मग उतारवयातल्या माणसांच्या एका मोठ्या अभ्यासासाठी बोलावणं आलं. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सरांनी लॅपटॉपवर प्रश्नावली उघडून दाखवली, आणि ती काही संपेचना. तब्येत, औषधं, दवाखान्याचा खर्च, जमीन, कर्ज, सोनं, मुलं कुठे असतात, पैसे पाठवतात का, झोप लागते का, लहानपणी घरची परिस्थिती कशी होती. प्रश्न संपले की वजन-उंची, रक्तदाब, नजर, पंजाची ताकद, चालण्याचा वेग, नळीत फुंकर मारून फुप्फुसांचा जोर, आणि शेवटी बोटाला टोचून कागदावर रक्ताचे थेंब. एका माणसाला दोन-तीन तास सहज. म्हातारं माणूस दमलं तर उरलेलं दुसऱ्या दिवशी.

अभ्यासाचं इंग्रजी नाव 'लॉन्जिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया'. आम्ही सगळे 'लासी' म्हणायचो. मुंबईतल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था तो करते. सोबत हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया ही अमेरिकेतली दोन विद्यापीठं. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. सिक्कीम वगळता सगळी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, मिळून ७२,२५० माणसं. त्यातली ३१,४६४ साठीच्या पुढची. अमेरिकेत १९९२ पासून, इंग्लंडमध्ये २००२ पासून असे अभ्यास चालू आहेत, त्यांचीच ही भारतातली बहीण. त्यामुळे पुष्कळसे प्रश्नही सारखे ठेवलेले, म्हणजे देशादेशांची तुलना करता येते. 'खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाताना त्रास होतो का?' हा त्यातलाच एक. मी तो दोन खणांच्या घरात उंबऱ्यावर बसून विचारलेला आहे. समोरच्या आजोबांनी खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हितं टोक कुठंय?"

एकदा विचारून फाइल बंद करायची, असलं हे काम नाही. त्याच माणसांकडे काही वर्षांनी पुन्हा जायचं, मग पुन्हा, असं पंचवीस वर्षं चालवायचा बेत आहे. कारण साधं आहे. एकट्या राहणाऱ्या बाईचे गुडघे गेलेले दिसले, तर गुडघे गेले म्हणून ती लोकांत जाईनाशी झाली, की एकटी पडली म्हणून चालणं सुटलं आणि गुडघे गेले? एका भेटीत हे कुणालाच सांगता येणार नाही. आधी काय झालं ते कळायला आधीची नोंद लागते.

आमच्या चमूकडे साताऱ्याचा पूर्व भाग होता. माण-खटाव. पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे पिढ्यान्पिढ्या तरुण माणूस बाहेर. कुणी मुंबईत माथाडी, कुणी सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात पार दक्षिणेत. गावात दुपारी फिरलं की ओट्यावर, पारावर, गोठ्याच्या सावलीत म्हातारी माणसंच दिसतात. आम्हाला वाटलं, सोपं आहे. माणसं घरीच सापडणार. सापडायचीही. पण त्यांच्या तोंडून त्यांचं उत्तर मिळवणं, हे वेगळंच काम होतं.

नियम असा होता, की ज्याची मुलाखत त्याचंच उत्तर. आजारपणामुळे किंवा विस्मरणामुळे माणूस बोलूच शकत नसेल, तरच घरचं कुणी त्याच्या वतीने बोलायचं, आणि तशी नोंद करायची. मी प्रश्न आजींना विचारायचे आणि उत्तर दारातून यायचं. अंघोळ करताना मदत लागते का? "नाही नाही, आई सगळं स्वतःचं स्वतः करते," मुलगा. जेवण वेळेवर होतं का? "आधी त्यांचं ताट, मग आमचं," सून. गेल्या काही दिवसांत मन उदास होतं का? "त्यांना कसली उदासी? नातवंडं आहेत की," शेजारीण. ही शेजारीण मुद्दाम वीस पावलं चालून उत्तर द्यायला आलेली. यात कुणाचा हेतू वाईट असायचा असं नाही. म्हातारं माणूस घराच्या अब्रूचा भाग असतं, आणि बाहेरची बाई लॅपटॉप घेऊन अब्रूचे प्रश्न विचारत असते. घर पुढे होणारच.

आजींनाही त्याची सवय झालेली. प्रश्न ऐकला की त्या आधी सुनेच्या तोंडाकडे बघायच्या.

म्हसवडच्या अलीकडच्या एका वाडीतलं घर माझ्या चांगलं लक्षात आहे, कारण तिथे हे सगळं एकाच अंगणात बघायला मिळालं. आजी पंचाहत्तरीच्या आसपास. 'आसपास' म्हणायचं कारण आधार कार्डावर जन्मतारीख १ जून. आमच्या भागात त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो; शाळेत घालताना गुरुजींनी लिहिला, किंवा पुढे कुठल्या तरी कचेरीत लिहिला गेला. मग वय काढायचं ते प्रसंगावरून. कोयनेचा भूकंप, म्हणजे १९६७ चा डिसेंबर, झाला तेव्हा लग्न झालं होतं का? "झालं व्हतं. थोरला पोटात व्हता." बहात्तरच्या दुष्काळात किती मुलं? "तीन. धाकटी पाठीला बांधून खडी फोडाय जायची मी." सुकडी खाल्लेली, मिलोची लाल भाकरी खाल्लेली. लहानपणची परिस्थिती हा प्रश्नावलीतला एक छोटा भाग आहे, चार-पाच पर्यायांत बसवलेला. आजी त्यावर पाऊण तास बोलल्या. मी एक पर्याय टिपला.

सून ज्वारी निवडत बसली होती. आजींना ती 'आत्या' म्हणायची. बाई कामाची, बोलायला चटपटीत. "मला विचारा, आत्यांना ध्यान राहत नाही," असं सुरुवातीलाच सांगून टाकलं तिने. यावर आमची एक ठरलेली युक्ती असायची. घराच्या खर्चाची वेगळी प्रश्नावली होती: धान्य किती, तेल किती, लाइट बिल, मुलांच्या फिया. ती घरातल्या कर्त्या बाईला किंवा पुरुषाला विचारायची. माझी जोडीदारीण सुनेला घेऊन स्वयंपाकघरात बसली. तेलाचे डबे मोजायला लागलं की माणूस गुंततो. मी आजींना म्हटलं, आपण गोठ्याकडे सावलीत बसू.

गोठ्यापाशी आजी जरा वेळ गप्पच होत्या. मग त्यांनी विचारलं, "ह्ये कुणाला सांगणार न्हाईस न्हवं?" म्हटलं, नाव कुठे जात नाही. नाव कुठे जात नाही हे मी दिवसातून कितीदा तरी सांगायचे. नोटाबंदीला फार दिवस झाले नव्हते. सोनं किती आणि बँकेत किती, असं विचारणाऱ्या पोरीवर कोण विश्वास ठेवणार? पण आजींना सोन्याची फिकीर नव्हती. रात्री लघवीला उठावं लागतं आणि अंधारात पायरी दिसत नाही, म्हणून त्या चार वाजल्यानंतर पाणीच पीत नव्हत्या. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. औषधाची गोळी एक दिवसाआड घेत होत्या, डबी महिनाभर जास्त पुरावी म्हणून. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला ६०० रुपये यायचे तेव्हा. ते कुठे जातात या प्रश्नाला मात्र त्यांनी हसून हात झटकला. तो नकार मी नकार म्हणूनच नोंदवला.

तब्येत एकंदर कशी आहे, या प्रश्नाला आजींनी पाचातला मधला पर्याय दिला. मला वाटायचं, हा प्रश्न निव्वळ शिष्टाचाराचा. पुढे वाचलं की १९९७ साली दोन संशोधकांनी २७ अभ्यास एकत्र पाहिले, तर बहुतेक ठिकाणी हा एक साधा प्रश्न पुढे माणूस किती जगेल याचा अंदाज देत होता, आजार वगैरे सगळं जमेस धरूनही. स्वतःच्या शरीराचं माणसाला जे कळतं ते तपासणीत सगळं उतरत नाही, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे दारातून सुनेने "चांगली आहे तब्येत" म्हटलेलं टिपून घेतलं असतं, तर तो सुनेचा अंदाज झाला असता. आजींचा नव्हे.

मोजमापं सुरू झाली की मात्र चित्र पालटायचं. तिथे कुणाला मध्ये बोलायला जागाच नसायची. पंजाची ताकद मोजायचं यंत्र असतं, लोखंडी मुठीसारखं. दांडी दाबली की काटा किलोत आकडा दाखवतो. प्रत्येक हाताने दोनदा दाबायचं. सून एव्हाना खर्च सांगून परत आली होती. "आत्यांना नाही जमायचं, हात थरथरतो त्यांचा," ती म्हणाली. आजींनी पदर खोचला. यंत्र हातात धरलं, वजन बघितलं, जात्याचा खुंटा धरावा तसं पक्कं धरलं, आणि दात-ओठ खाऊन दाबलं. काटा चौदावर गेला. "किती?" म्हटलं, चौदा. "बरं हाय का?" चांगलं आहे म्हणायची आम्हाला परवानगी नव्हती. शाबासकीने पुढचा आकडा बदलतो. मी नुसतं "आता दुसऱ्या हाताने" म्हटलं. पण आजींनी माझा चेहरा वाचला असावा, कारण त्या लगेच सुनेकडे वळल्या. "आता तू दाब."

सुनेचीही पाळी होतीच, हे तिला तोवर माहीत नव्हतं. अभ्यास पंचेचाळीस वर्षांपासून पुढच्या माणसांचा आहे. वयाची अट नाही ती फक्त त्यांच्या जोडीदाराला. सत्तेचाळीस वर्षांची ही बाई दोन तास सासूच्या वतीने उत्तरं द्यायला धडपडत होती, आणि आता मी लॅपटॉपवर तिचं नाव उघडलं. ती ओशाळली. "मी कुठं म्हातारी?" पंचेचाळीस का, हेही मला त्या दिवशी नीट उमगलं. म्हातारपण साठाव्या वर्षी सकाळी उठून येत नाही. रक्तदाब, गुडघे, कर्ज, झोप, सगळ्याची सुरुवात आधीची असते, आणि ती सुरुवात पकडायची तर माणूस अजून कामाच्या रगाड्यात असतानाच गाठायला हवा.

तिने एकोणीस किलो दाबले. आजी खूश. "पाचाचाच फरक!" आता गंमत अशी की पाच किलो हा आकडा संशोधनातही प्रसिद्ध आहे. २०१५ साली 'लान्सेट'मध्ये सतरा देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांचा अभ्यास छापून आला. भारतही त्यात होता. वय वगैरे गोष्टी जमेस धरूनही, पंजाची ताकद दर पाच किलोने कमी असेल तर पुढच्या काळात मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, असं त्यात दिसलं. वरच्या रक्तदाबापेक्षाही या लोखंडी मुठीने मृत्यूचा अंदाज चांगला दिला. आमच्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब बघायचं यंत्र असतं. हे यंत्र मी तिथे कधी पाहिलं नाही.

सुनेची मुलाखत सुरू झाली आणि आजी खाटेवर येऊन बसल्या. गुडघे दुखतात का? "तिचं कुठं दुखतंय? पोरीसारखी पळती," आजी म्हणाल्या. मी हसू दाबलं. जोडीदारीण आजींना चालण्याच्या चाचणीला अंगणात घेऊन गेली. चार मीटर अंतर, नेहमीच्या चालीने, दोनदा. नेहमीच्या चालीने हे फार कमी लोकांना पटतं. म्हातारे पुरुष तर शर्यत लागल्यासारखे सुटतात, मग पुन्हा घ्यावं लागतं.

इकडे सून सांगत होती. गुडघे तीन वर्षं दुखतात. डोंगराच्या बाजूची विहीर, रोजचं खाली बसणं. झोप लागत नाही. का लागत नाही, ते प्रश्नावलीत नव्हतं, पण तिने सांगितलं: नवरा वर्षातून दोनदा येतो, मोठ्या मुलाला नोकरी नाही, आणि आत्या रात्री उठतात की काय म्हणून एक कान जागा ठेवावा लागतो. आत्या उठतात हे तिला ठाऊक होतं तर. आजींना वाटायचं कुणाला माहीत नाही. मी दोघींच्या मध्ये बसले होते आणि दोघींचं मला माहीत होतं, आणि एकीचं दुसरीला सांगायची मुभा नव्हती. हे काम करताना सगळ्यात जड तेच जातं. प्रशिक्षणात ते एका वाक्यात उरकतात: गोपनीयता पाळा.

मनाच्या प्रश्नांवर ती रडली. दोन आठवडे सलग उदास वाटलं का, नेहमीच्या गोष्टींतला रस गेला का, असे ते प्रश्न असतात. एकामागून एक विचारायचे, आपलं मत द्यायचं नाही, थांबायचं असेल तर थांबायचं. ती थांबली नाही. डॉक्टरने कधी नैराश्य असल्याचं सांगितलं का? "तेवढ्यासाठी डॉक्टरकडे कोण जातंय?" पहिल्या फेरीचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला, तेव्हा मी आधी हाच तक्ता शोधला. साठीच्या पुढच्या लोकांत प्रश्नांवरून मोजलेलं नैराश्य ८.३ टक्के, आणि डॉक्टरने निदान केलंय असं स्वतः सांगणारे ०.८ टक्के. दहापट तफावत. मला तिचं नवल वाटलं नाही. ही बाई साठीची नव्हती, म्हणून त्या आकड्यात ती नाहीही. पण साठीची होईल.

दहा शब्द ऐकवून आठवतील तेवढे सांगायला लावायचं, अशी एक स्मरणाची चाचणी असते. शब्द कोणते ते इथे सांगत नाही. पुढच्या फेऱ्यांत लागतील. थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारायचे. 'आत्यांना ध्यान राहत नाही' म्हणणाऱ्या सुनेपेक्षा आजींचे शब्द फार कमी भरले नाहीत, एवढं सांगते. दुसऱ्या एका वाडीत धनगर आजोबांना एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगायला सांगितलं, तर त्यांनी शेळी, बोकड, करडू, मेंढी, मेंढा, कोकरू असं सुरू केलं आणि मिनिटभर कळपाबाहेर आलेच नाहीत. करडू वेगळं धरायचं का, यावर रात्री मुक्कामाच्या जागी आमचा चांगला तास गेला.

रक्ताच्या थेंबांवर मात्र अनेक घरांत अडायचं. ठरावीक गोल छापलेला जाड कागद, त्यावर बोटातून थेंब, मग तो वाळवून पाठवायचा. कुठे पाठवता, असं शिकलेला नातू विचारायचा. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, असं सांगितलं की घरात शांतता. मग समजावत बसायचं, की तिथे चांगली प्रयोगशाळा आहे, एड्सची तपासणी नाही ही. काही घरं तेवढ्यावर नाही म्हणाली. ती त्यांची मर्जी. आम्ही पुढे निघायचो.

त्याहून खरी तक्रार दुसरीच होती, आणि तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "मोजून जाता, औषध काय देता?" वजन, उंची, रक्तदाब कागदावर लिहून आम्ही हातात द्यायचो. रक्तदाब फार जास्त निघाला तर लगेच दवाखान्यात जा म्हणून सांगायचो. एका आजोबांचा तीनही वेळा इतका चढा निघाला की माझ्याच पोटात गोळा आला. त्यांना जन्मात कुणी दंडाला पट्टा बांधला नव्हता. पण गोळी आमच्या पिशवीत नसायची. अभ्यास वेगळा आणि उपचार वेगळा, हे तत्त्व म्हणून मला पटतं. त्या अंगणात उभं राहून ते पटवून देता येत नाही. गावोगावच्या आशाताई आमच्यामागून त्या घरी जायच्या, म्हणून थोडं निभावलं.

शेवटचा टप्पा पत्त्याचा. पुढच्या फेरीला हीच माणसं सापडायला हवीत, म्हणून ज्यांना यांचा ठावठिकाणा माहीत असेल अशा नातेवाइकांचे नंबर घ्यायचे. आजींना विचारलं तर म्हणाल्या, "मला कशाला शोधताय? मी काय पळून जाणार हाय?" मग सुनेकडे बोट दाखवलं. त्या दिवसात आजींच्या प्रश्नाला सुनेने दिलेलं आणि मी जसंच्या तसं लिहून घेतलेलं हे पहिलं उत्तर. माणूस हयात नसेल तर अमेरिकेच्या अभ्यासात जवळच्या नातेवाइकाकडे जाऊन शेवटच्या दिवसांबद्दल विचारतात. हे मी आजींना काही बोलले नाही.

सुनेने स्वतःसाठी आधी नवऱ्याचा नंबर दिला. मग थोडं थांबून म्हणाली, तो नंबर सारखा बदलतो, माझ्या भावाचा घ्या, इस्लामपूरचा. घेतला. लॅपटॉप मिटताना तिने विचारलं, पुढच्या खेपेला तुम्हीच येणार का? म्हटलं, माझं काम कंत्राटी आहे, दुसरी कुणी येईल.

"मग त्या बाईंना सांगून ठेवा, दुपारी या म्हणावं. सकाळी मला अजिबात सवड नसते."